घड्याळाच्या मनोऱ्याखालची बिऱ्हाडं

लंडनच्या यूस्टन रोडवरून चालताना सेंट पँक्रस स्टेशनासमोर ज्याचे पाय थबकले नाहीत असा माणूस विरळा. तांबड्या विटांचा एक प्रचंड डोलारा रस्त्याकडेनं वळण घेत उभा आहे. त्याला टोकदार कमानींच्या खिडक्या, असंख्य धुराडी, निमुळते कळस आणि पूर्वेच्या कडेला अडीचशे फुटांहून उंच घड्याळाचा मनोरा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे एखादं कॅथीड्रल वाटतं, नाही तर परीकथेतला किल्ला. प्रत्यक्षात ते रेल्वे कंपनीनं उतारूंसाठी बांधलेलं हॉटेल. आज त्याच्या खालच्या मजल्यांवर पुन्हा एक आलिशान हॉटेल आहे, पाठीमागच्या लोखंडी छताखालून पॅरिसला जाणाऱ्या गाड्या सुटतात, आणि वरच्या मजल्यांवर, त्या कळसांच्या आणि धुराड्यांच्या सावलीत, ६७ फ्लॅट आहेत. तिथे बिऱ्हाडं राहतात. सकाळी त्यांचा चहा होतो, इस्त्रीचे कपडे शोधले जातात, आणि घड्याळ बघायचं तर साऱ्या लंडनचं घड्याळ त्यांच्या डोक्यावर आहे!

दोन वर्षांपूर्वी मुलीकडे गेलो होतो तेव्हा मी ही इमारत तीन-चार वेळा जाऊन पाहिली. वरच्या एखाद्या घरात शिरावं एवढी तिथे कुणाची ओळख नव्हती. त्यामुळे घरं पाहिली ती रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवरून, संध्याकाळी दिवे लागताना. माझा व्यवसाय म्हणाल तर आयुष्यभर बँकेत अधिकारी होतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहीत आलो. या दोन्ही धंद्यांत एक सवय लागते. दिवा लागलेली खिडकी दिसली की आत कोण राहतं हे कादंबरीकाराला जाणून घ्यायचं असतं, आणि याचे पैसे कुणी भरले हे बँकवाल्याला. या इमारतीच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सापडतं, आणि ते आपल्याकडच्या पुष्कळ घरांत चाललेल्या वादाशी जोडलेलं आहे. म्हणून आज ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो.

मिडलंड रेल्वे ही मध्य इंग्लंडातली एक श्रीमंत कंपनी. लंडनमध्ये तिला स्वतःचं स्टेशन नव्हतं. ते बांधायचं ठरलं तेव्हा शेजारीच किंग्ज क्रॉस हे प्रतिस्पर्धी कंपनीचं स्टेशन उभं होतं. त्याला झाकोळून टाकेल असं काही तरी हवं होतं. विल्यम बार्लो या इंजिनिअरनं गाड्यांवर सुमारे २४० फूट रुंदीची एकच लोखंडी कमान टाकली. मध्ये एक खांब नाही. १८६८ साली स्टेशन सुरू झालं तेव्हा एवढ्या रुंदीचं एकसंध छत जगात दुसरं नव्हतं. फलाटांच्या खाली तळघर होतं, आणि त्यातल्या खांबांमधलं अंतर बर्टन गावाहून येणाऱ्या बिअरच्या पिंपांच्या मापानं ठरवलेलं होतं. व्यापारी माणसाची कला ही अशी असते. ती इंचाइंचाचं भाडं वसूल करते.

या स्टेशनापुढच्या हॉटेलासाठी १८६५ साली कंपनीनं निवडक ११ वास्तुशिल्पकारांकडून आराखडे मागवले. त्यांतला सर्वांत खर्चीक आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि नेमका तोच निवडला गेला. आमच्या बँकेत निविदा उघडताना असं घडलं असतं तर चौकशी लागली असती! पण मिडलंड कंपनीला काटकसर करायचीच नव्हती. विटा नॉटिंगहॅमच्या, दगड मध्य इंग्लंडातल्या खाणींचा, म्हणजे कंपनी ज्या मुलखातून धावते त्या मुलखाची जाहिरातच. सजावट आणि सामानसुमान धरून खर्च चार लाख पौंडांच्या वर गेला. ५ मे १८७३ रोजी 'मिडलंड ग्रँड हॉटेल'चा पहिला भाग उघडला. पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या लिफ्ट, दुतर्फा वर जाऊन मध्ये मिळणारा भव्य जिना, त्यावर रंगवलेलं छत. मुंबईचा माणूस ही इमारत पाहताना म्हणतो, अरे, ही आपण कुठे तरी पाहिली आहे.

त्याचं म्हणणं खोटं नाही. हेच स्कॉट त्याच सुमारास मुंबई विद्यापीठाच्या इमारतींचे आराखडे काढत होते. ओव्हल मैदानासमोरचं दीक्षान्त सभागृह १८७४ साली पुरं झालं, आणि ग्रंथालय व राजाबाई टॉवर १८७८ साली. मनोऱ्यासाठी प्रेमचंद रायचंद यांनी दोन लाख रुपये दिले आणि आपल्या आईचं नाव त्याला दिलं. स्कॉट स्वतः मुंबईला कधी आले नाहीत. लंडनमध्ये बसून त्यांनी कागद पाठवले आणि आपल्या कारागिरांनी ते दगडात उतरवले. टॉवरवर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे २४ पुतळे आहेत. ते मुकुंद रामचंद्र या साहाय्यक अभियंत्यानं घडवले. पुढे फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी आपलं व्हीटी, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, बांधायला घेतलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे सेंट पँक्रस होतंच. १८७८ साली सुरू झालेलं ते काम पुरं व्हायला दहा वर्षं लागली. फोर्टातल्या शाखेत असताना वर्षानुवर्षं मी राजाबाई टॉवरखालून डबा घेऊन गेलो आहे. त्याच माणसाच्या हातच्या दुसऱ्या घड्याळाखाली लंडनमध्ये उभं राहिल्यावर परदेशात आल्यासारखं फारसं वाटलं नाही, ते त्यामुळेच.

आता गोष्टीतला मुख्य भाग. एवढा खर्च करून, एवढ्या दिमाखानं बांधलेलं हॉटेल ६२ वर्षांत बंद पडलं. ते पडलं नाही, जळलं नाही, कुणी पाडलंही नाही. ते बंद पडलं मुख्यतः न्हाणीघरांपायी.

१८७३ सालच्या पाहुण्याला खोलीला जोडून बाथरूम असावी अशी अपेक्षा नव्हती. सुमारे ३०० खोल्यांचं हे हॉटेल, आणि बाथरूम अगदी मोजक्या. गरम पाण्याच्या बादल्या, अंघोळीची टबं, रात्रीची भांडी, कोळशाचे डबे हे सारं वाहून न्यायला नोकरांची फौज होती. मजुरी स्वस्त होती तोवर हे चाललं. पण १८८९ साली सॅव्हॉय हॉटेल उघडलं ते विजेचे दिवे, लिफ्ट आणि भरपूर स्नानगृहं घेऊन. गिऱ्हाईक तिकडे वळू लागलं. मिडलंड ग्रँडमध्ये नव्या मोऱ्या काढाव्यात तर तिथल्या जमिनी आगीपासून संरक्षणासाठी लोखंड आणि काँक्रीट घालून इतक्या जाड बांधलेल्या, की त्यांतून नळ नेणं म्हणजे इमारत फोडणंच. जी मजबुती अभिमानानं मिरवली तीच गळ्याशी आली. पहिल्या महायुद्धानंतर नोकर महाग झाले, कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीत विलीन झाली, आणि १९३५ साली हॉटेलाला कुलूप लागलं. पुढे तिथे रेल्वेची कचेरी आली. रंगवलेल्या छतांखाली फायलींची कपाटं आणि टंकलेखकांची टेबलं लागली.

१९६६ च्या सुमारास ब्रिटिश रेल्वेनं किंग्ज क्रॉस आणि सेंट पँक्रस ही दोन्ही स्टेशनं एकत्र करण्याचा विचार मांडला. म्हणजे ही इमारत पाडायची. चारच वर्षांपूर्वी, त्याच रस्त्यावरची यूस्टन स्टेशनची प्रचंड दगडी कमान लोकांचा विरोध न जुमानता पाडण्यात आली होती. ती जखम ताजी होती. कवी जॉन बेट्जमन, वास्तुकलेचे इतिहासकार निकोलस पेव्हस्नर आणि व्हिक्टोरियन सोसायटी यांनी गिल्ला केला. १९६७ साली इमारतीला सर्वोच्च, म्हणजे पहिल्या श्रेणीचं संरक्षण मिळालं. पाडणं टळलं. बेट्जमन यांचा पुतळा आज स्टेशनात उभा आहे; एका हातानं टोपी सावरत ते वर छताकडे बघताहेत.

वारसाप्रेमी मंडळी ही गोष्ट इथे संपवतात. बँकवाल्याच्या दृष्टीनं ती इथे सुरू होते. संरक्षणाचा कायदा इमारत पाडू देत नाही, पण तो गळकं छप्पर शिवत नाही. १९८० च्या दशकात आगीच्या नियमांत बसत नाही म्हणून कचेऱ्याही तिथून निघाल्या. नंतरची कित्येक वर्षं आत कबुतरं, ओल आणि अधूनमधून सिनेमाचं चित्रीकरण. आमच्या भाषेत अशा मालमत्तेला न कमावणारी मालमत्ता म्हणतात. ती विकता येत नाही, मोडता येत नाही, आणि तिच्यावरचा खर्च थांबत नाही. १९९० च्या दशकात सरकारी पैशातून बाहेरची डागडुजी झाली, त्यामुळे भिंती तगल्या. पण आत काय करायचं हा प्रश्न उभाच होता.

त्या काळातली एक हकिकत सांगण्यासारखी आहे. बार्लोच्या छताखाली एक भलंमोठं घड्याळ होतं. १९७० च्या दशकात ते एका अमेरिकन संग्राहकाला मोठ्या किमतीला विकायचं ठरलं. उतरवताना ते खाली पडलं आणि त्याचे तुकडे झाले. सौदा फिसकटला. निवृत्तीला आलेल्या एका रेल्वे गार्डानं ते तुकडे २५ पौंडांना विकत घेतले, आपल्या गावी नेले आणि धान्याच्या कोठाराच्या भिंतीवर घड्याळ पुन्हा जोडून चालू केलं. स्टेशनाचं नूतनीकरण झालं तेव्हा मूळ कंपनीनं त्याच घड्याळावरून नवं बनवलं. ज्या वस्तूची किंमत कचेरीत बसलेल्यांनी भंगारात लावली, तिची खरी किंमत फलाटावर शिटी वाजवणाऱ्याला ठाऊक होती.

इमारतीचं नशीब उघडलं ते खाडीखालच्या बोगद्यामुळे. १९९६ साली ब्रिटिश संसदेनं कायदा करून त्या वेगवान रेल्वेमार्गाचं शेवटचं स्थानक म्हणून सेंट पँक्रसला आणलं. स्टेशनावर सुमारे ८० कोटी पौंड खर्च झाले आणि १४ नोव्हेंबर २००७ पासून युरोस्टार गाड्या तिथून सुटू लागल्या. बिअरच्या पिंपांच्या तळघरात आता दुकानं आहेत आणि पासपोर्ट तपासणी. एवढी गिऱ्हाइकं दाराशी आल्यावर पुढच्या इमारतीत पैसे घालायला माणूस मिळाला. मॅनहॅटन लॉफ्ट कॉर्पोरेशन या विकासक कंपनीनं एका हॉटेल कंपनीला बरोबर घेतलं आणि सुमारे १५ कोटी पौंडांचा प्रकल्प हाती घेतला.

आता हिशेब पाहा, कारण सगळी मेख तिथे आहे. जुन्या इमारतीत हॉटेल चालवायचं तर खोल्या पुरत नाहीत, आणि मोऱ्यांची जुनी अडचण कायम. म्हणून जुन्या इमारतीला लागून, मागच्या बाजूला, तशाच विटांचा एक नवा पंख बांधला. हॉटेलच्या २४५ खोल्यांपैकी बहुतेक या नव्या पंखात आहेत. जुन्या भागात फक्त ३८ मोठे सूट. भव्य जिना, भोजनगृह, जुनं तिकीटघर या जागा सर्वांच्या वावरासाठी. आणि वरचे मजले, जे ना हॉटेलला परवडत ना कचेरीला चालत, ते ६७ फ्लॅट करून विकले. त्या विक्रीच्या पैशानं खालच्या दुरुस्तीचा भार हलका झाला. ५ मे २०११ रोजी, पहिल्या उद्घाटनाला बरोबर १३८ वर्षं झाली त्या दिवशी, हॉटेल समारंभानं पुन्हा उघडलं. स्टेशनातली गर्दी, हॉटेल आणि घरं या तीन खांद्यांवर ती पालखी उचलली गेली. यांतला एक खांदा काढला असता तर ती उचलली गेली असती, असं मला वाटत नाही.

यात एक गंमतही आहे. जुन्या हॉटेलात उत्तम खोल्या खालच्या मजल्यांवर असत. जसजसं वर जावं तसतशी सजावट साधी होत जाई, आणि छपराखाली नोकरचाकर. आज त्या वरच्या जागांना सोन्याचा भाव आहे. घड्याळाच्या मनोऱ्यातच तीन पातळ्यांचा एक फ्लॅट आहे. कुठे तुळया खोलीच्या मधून गेलेल्या, कुठे खिडकी गुडघ्याशी सुरू होते, कुठे छत देवळाच्या गाभाऱ्यासारखं वर निमुळतं होत जातं. स्वयंपाकघर मात्र आजचं, नळाला गरम पाणी, आणि प्रत्येक घराला स्वतःची बाथरूम. आधीच्या शतकात जी गोष्ट जमली नाही म्हणून इमारत मेली, ती आधी जमवली तेव्हा ती पुन्हा जगली.

अशा घरात राहण्याची किंमत पैशाखेरीजही असते. खिडकीची चौकट गंजली म्हणून ॲल्युमिनियमची बसवता येत नाही, मधली भिंत मनात आलं म्हणून पाडता येत नाही. दर बदलाला परवानगी. इंग्लंडात बहुतेक फ्लॅट दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानं विकले जातात, वर दरसालचा देखभाल खर्च. म्हणजे राहणारा एका परीनं त्या वास्तूचा राखणदारच. आणि हेही सांगून टाकतो की ही घरं श्रीमंतांची आहेत. माझ्या मुलीसारख्या नोकरदार माणसाला ती स्वप्नातही परवडणार नाहीत. सर्वांच्या वाट्याला आलं ते स्टेशन आणि रस्त्यावरून दिसणारा देखावा. तेही थोडं नाही, पण ते घर नव्हे.

हे सारं मी परतल्यावर गिरगावात अक्काला सांगितलं. अक्का माझी थोरली बहीण, पंचाहत्तरी उलटलेली. आमच्या वडिलांनी घेतलेल्या चाळीतल्या दोन खोल्यांत ती राहते. तिमजली चाळ, शंभर वर्षांची. सागवानी खांब, लांबलचक लाकडी गॅलरी, नक्षीचे कठडे. वास्तुकलेचे विद्यार्थी दर पावसाळ्यानंतर येतात, कठड्यांची चित्रं काढतात, फोटो घेतात, अक्काच्या हातचा चहा पिऊन 'आजी, ही चाळ पाडू देऊ नका' असं सांगून जातात. मागे एकदा अक्का त्यांतल्या एका मुलीला म्हणाली, "बाळ, तू फार गोड आहेस. पण रात्री दोन वाजता गॅलरीच्या टोकाला मला जावं लागतं. तुला नाही."

मिडलंड ग्रँड कशानं मेलं हे तिला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. "मग? त्यात नवल काय?" एवढंच म्हणाली.

मुंबईच्या चाळी लंडनच्या हॉटेलासारख्या श्रीमंतीतून जन्मल्या नाहीत. गिरणीत, गोदीत, पेढीवर काम करणाऱ्यांसाठी बांधलेल्या त्या भाड्याच्या खोल्या. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. त्या वेळी ते न्याय्य होतं. फाळणी आणि टंचाईच्या काळात त्यानं लाखो कुटुंबांना रस्त्यावर येऊ दिलं नाही. पण महिना दहा-वीस रुपयांत मालक दुरुस्ती कशाची करणार? इमारती पडू लागल्या, तेव्हा १९६९ च्या कायद्यानं दुरुस्ती मंडळ आलं आणि उपकर आला. त्या वेळी उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ होती. १९७७ पासून हे काम म्हाडाकडे आलं. नंतर १९९९ चा नवा भाडे कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि वर्षाला चार टक्के वाढीची मुभा मिळाली. मुळात वीस रुपयांच्या चार टक्क्यांत लाकडाची एक पट्टीदेखील येत नाही.

माझ्या नोकरीत या चाळींतली माणसं कर्जासाठी समोर येत. दुरुस्तीला, मुलीच्या लग्नाला, मोरी आत काढायला. पागडीची खोली तारण धरता येत नाही, कारण राहणारा तिचा मालक नसतो. आणि मूल्यांकनाच्या नमुन्यात एक रकाना असे: इमारतीचं उरलेलं आयुष्य. पगाराचं प्रमाणपत्र, जामीनदार, सगळं असूनही तो एक रकाना अर्ज खाऊन टाकी. म्हणजे भाडेकरूला दुरुस्तीसाठी कर्ज नाही, मालकाला दुरुस्तीत रस नाही, आणि मंडळाच्या निधीला मर्यादा. तिघांच्या मध्ये ती इमारत दर पावसाळ्यात थोडी थोडी झिजते. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली, तीसहून अधिक माणसं गेली. १६ जुलै २०१९ ला डोंगरीत तेच झालं. तेव्हा जुनं ते सोनं म्हणताना जपून म्हणावं.

आता अक्काच्या चाळीलाही विकासक आला आहे. नियमाप्रमाणे पुनर्विकासात प्रत्येक भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांची, मालकीची जागा मिळते. लिफ्ट, आत संडास, चोवीस तास पाणी. मागे उरलेल्या जागेत विकासक उंच मनोरा बांधून आपला खर्च आणि नफा काढणार. चाळीत दोन तट पडले आहेत. माझा भाचा म्हणतो, आजच सही करा. तळमजल्यावरचे एक निवृत्त मास्तर म्हणतात, आधी चाळ दुरुस्त होते का ते बघा; शेजारच्या गल्लीतले लोक नऊ वर्षं भाड्याच्या जागेत आहेत आणि त्यांच्या प्लॉटवर अजून खड्डाच आहे. दोघांचंही म्हणणं खरं आहे, आणि म्हणून सभा रात्री अकरा-अकरापर्यंत चालतात.

मला विचाराल तर सेंट पँक्रसवरून आपल्याला तीन गोष्टी घेता येतील. पहिली म्हणजे मोरीचा प्रश्न सौंदर्याच्या आधी सोडवायचा. ओव्हल मैदानासमोर आणि मरीन ड्राइव्हवर १९३० च्या दशकात बांधलेल्या आर्ट डेको इमारती पाहा. २०१८ साली त्यांतल्या पुष्कळ इमारती जागतिक वारसा यादीत गेल्या, आणि त्यांत आजही कुटुंबं राहतात. त्या टिकल्या याचं एक कारण असं की घरात बाथरूम आणि जिन्यात लिफ्ट ही सोय पहिल्यापासून होती. माणसाला जुन्या घरात राहायला आवडतं. जुन्या गैरसोयीत राहायला आवडत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. ज्याला जपायचं आहे त्यानं खर्चात वाटा उचलला पाहिजे. मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली आली. एखाद्या शहरानं असे नियम करण्याची ती देशातली पहिली वेळ. त्यात मालकाला न वापरता येणारा चटईक्षेत्राचा हक्क दुसरीकडे विकण्याची तरतूद आहे. ही वाट मोठ्या वास्तूंसाठी आहे. साध्या चाळींपर्यंत ती क्वचित पोचते. लंडनमध्ये जुनी इमारत पुढे ठेवून मागे नवा पंख काढला, त्या नव्यानं जुन्याला पोसलं. आपल्याकडे प्रत्येक चाळ जपण्याच्या लायकीची नाही, हे मान्य. पण ज्या चाळींचं लाकूड अजून धड आहे, तिथे गॅलरीमागे संडास-न्हाण्यांचा आणि लिफ्टचा एक नवा उभा भाग जोडून चाळ टिकवता येईल का, हा प्रश्न पाडण्याच्या करारावर सही करण्याआधी निदान विचारला जावा. ३० वर्षांहून जुन्या इमारतींची तपासणी कायद्यानं बंधनकारक आहेच. तिच्या जोडीनं दुरुस्तीचं अंदाजपत्रकही करून घ्यावं, आणि दोन्ही कागद सभेत शेजारी शेजारी ठेवावेत.

तिसरी गोष्ट अक्कानं शिकवली. मनोऱ्याखालच्या ६७ घरांचं वर्णन मी रंगवून सांगत होतो. तुळया, कमानी, घड्याळ. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून तिनं विचारलं, "आणि तिथे आधी राहत होते ते कुठे गेले?"

तिथे आधी कुणी राहत नव्हतं, मी सांगितलं. हॉटेल होतं, मग कचेरी होती, मग पंचवीसेक वर्षं रिकामीच होती.

"मग सोपं होतं त्यांना," ती म्हणाली आणि पोळी तव्यावर टाकली.

खरोखरच सोपं होतं. लंडनवाल्यांना वाचवायची होती एक रिकामी वास्तू. गिरगावात, लालबागेत, काळबादेवीत इमारतीच्या पोटात माणसं आहेत, त्यांची म्हातारपणं आहेत, दहावीची वर्षं आहेत. इमारत वाचवताना ती विरार-पनवेलला फेकली गेली, किंवा नवी बांधताना पंधरा वर्षं भाड्याच्या खोल्यांतून फिरत राहिली, तर दोन्ही वेळा काही तरी पडलंच. म्हणून चाळीच्या मंडळींना मी दोनच गोष्टी सुचवल्या. दुरुस्तीचा आणि पुनर्विकासाचा, दोन्ही हिशेब लेखी मागवा. आणि विकासकाच्या करारात पहिलं कलम इमारतीच्या उंचीचं नको. काम चालू असताना अक्कासारखी माणसं कुठे राहतील, त्यांचं भाडं कोण आणि किती महिने भरेल, आणि त्यासाठी बँकेची हमी किती रकमेची असेल, याचं असू द्या. हमीपत्राचा मसुदा तपासून द्यायला मी आहे. पुढची सभा येत्या महिन्यात आहे, आणि या वेळी पहिल्यांदाच बायकांनाही वेळेवर कळवलेलं आहे.